हिच्या शिव्यांना घर पाहिजे

आमची ही शिव्या द्यायची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचून कोणी नाक मुरडायला नको. बायको गेलेले म्हातारे पारावर बसून सांगतात, फार सोशिक होती हो, कधी शब्दाने दुखावलं नाही कोणाला. आमच्या हिने आख्ख्या आळीला दुखावलं. मला तर रोज, चहाबरोबर. ती गेली आणि मला घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पंखा जुनाच आहे. तो करकरतो हे मला माहीतच नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे टेंपो चालवला, कर्जत, चौक, पनवेल, जिथे भाडं मिळेल तिथे. विटा नेल्या, भेंडी नेली, एकदा आख्खं बँडपथक नेलं ते वाटेत वाजवत बसलं. लिहायची सवय नाही. तरी लिहितो, कारण ही गोष्ट आळीतल्या बायका त्यांच्या पद्धतीने सांगत फिरतात आणि त्यात मी येडा ठरतो.

सुरुवात माकडांनी केली. आमचं गाव कळंबच्या अंगाला, डोंगर जवळ. हिने अंगणात खाटेवर तांदळाचे पापड वाळत घातलेले आणि माकडांची टोळी उतरली. ही काठी घेऊन धावली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अरे मेल्यांनो, तुमच्या बापानं लाटलेत का पापड? शेपट्या घेऊन आलात, पोळपाट घेऊन यायला काय झालं व्हतं?" माकडं खरंच थांबली. एकाने हातातला पापड खाली ठेवला.

माझी सून तेव्हा सुट्टीला आलेली. मुलगा आणि ती खोपोलीच्या शिळफाट्याला राहतात. मुलगा कारखान्यात पाळीवर असतो, आणि सून खोपोलीतल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिने हे सगळं मोबाईलमध्ये घेतलं आणि एका मोठ्या परदेशी कंपनीच्या ठिकाणी टाकलं, जिथे सगळं जग नाचत असतं. नाव दिलं, 'खालच्या आळीची म्हातारी'. आमच्या आळीचं नावच खालची आळी.

लोकांना आवडलं. मग हिला चटकच लागली. वरवंट्याला मोबाईल टेकवून ठेवायची आणि बोलायची. आमच्या शेजारी एक रिसॉर्ट झालंय, तिथली मुंबईची पोरं शेतात बाटल्या टाकायची, त्यांना दिल्या. सिलिंडरवाल्याला दिल्या. माझ्यावर तर पुष्कळ आहेत. "ह्या मानसाला चहात साखर कळत नाय, पन शेजारणीच्या चहात बरी कळते." खाली लोक लिहायचे. नागपूरहून, दुबईहून. आजी, माझ्या नवऱ्याला पण एक द्या ना. आजी, आमच्या साहेबाला. ही प्रत्येकाला नवी शिवी करून द्यायची, एकाची दुसऱ्याला नाही. चुलीवर पाणी तापवताना पुटपुटत बसायची तेव्हा मला वाटायचं देवाचं म्हणते.

मागच्या थंडीत ती गेली. छातीत कळ आली, जीपमधून कर्जतला नेत होतो. शेवटची शिवी तिने जीपवाल्याला दिली, हळू चालवतो म्हणून. पुढे काही बोलली नाही.

त्यानंतर सकाळी उठून मी तिला ऐकायचो. खाली नवे लोक लिहीतच होते, त्यांना कुठे माहीत. आजी, उन्हाळ्याला एक शिवी द्या. मी कोणाला सांगितलं नाही. माझ्यापुरती ती तिथे जिवंत होती आणि नागपूरवाल्यांपुरतीही होती, मग मी कशाला मध्ये बोलू?

एके सकाळी ते सगळं बंद. तिच्या जागी एक राखाडी चौकोन. कोणीतरी तक्रार केली होती की भाषेने मन दुखावतं. मी सुनेला फोन लावला.

"बाबा, मी अपील केलंय," ती म्हणाली.

"कोनाकडं?"

"कंपनीकडे."

"मानसाकडं का?"

"मशीन बघतं ते."

"मग त्या मशीनला सांग, ती मेली हाय. मेलेल्याला अजून काय बंद करायचं?"

मशीनने ऐकलं नाही.

तिचं बोलणं सगळं तिच्या फोनात शिल्लक होतं, ते गेलं नव्हतं. पण फोनातलं एकट्याने ऐकणं म्हणजे डब्यातली चकली दार लावून खाणं. हिला समोर माणूस लागायचा. कोणी उलट बोललं की ती खुलायची. म्हणून मी सुनेला म्हटलं, तिला अशी जागा बघून दे जिथनं तिला कोणी उठवणार नाही आणि जिथे लोक तिच्याशी बोलतील. दुसरं मला काही नको.

सून म्हणाली, "आहेत बाबा तशा जागा. कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. विकेंद्रित म्हणतात त्याला."

हा शब्द मी ग्रामपंचायतीच्या भाषणात ऐकला होता, त्यामुळे माझा विश्वास बसला नाही. पण निघालो जागा बघायला. पोरीसाठी स्थळं बघतात तशा मी बायकोसाठी जागा बघितल्या, ह्या वयात.

पहिली जागा गावांची. म्हणजे एक मोठं दुकान नाही, लहान लहान पुष्कळ गावं. प्रत्येक गावाचा पाटील वेगळा, नियम वेगळे, पण ह्या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी बोलू शकतो. जाहिराती नाहीत. आणि जो आधी बोलला त्याचं आधी दिसतं, उगीच कोणाला पुढे ढकलत नाहीत. हे मला आवडलं. आम्ही एका मराठी गावात हिला नेऊन ठेवलं. त्या गावाचा पाटील पुण्याला बसायचा, फार सभ्य माणूस. माकडाची शिवी टाकली, माझी टाकली, आणि त्याचा निरोप आला. आजींचं स्वागत आहे, फक्त तीव्र भाषा असेल तिथे आधी सूचना लावावी, म्हणजे ज्यांना ऐकायचं असेल तेच उघडून ऐकतील.

"म्हंजी काय?" मी विचारलं.

सुनेने दाखवलं. हिच्या तोंडावर एक पट्टी. बोट लावलं की पट्टी बाजूला होते आणि ही बोलते.

"पडदा?"

"सूचना असते ती बाबा. चांगल्यासाठीच असते."

"अगं, ही सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेत नव्हती. माझ्या बापानं हात टेकले. आता पुण्याचा पाटील हिला पडद्यात बसवणार?"

सून म्हणाली, गाव बदलता येतं. दुसऱ्या गावात जायचं, ऐकायला मागे लागलेले लोक आपोआप नव्या गावात येतात. मी खूश झालो. मग हळूच म्हणाली, पण जुनं बोललेलं तिथेच राहतं, ते बरोबर येत नाही. म्हणजे वऱ्हाड येणार आणि भांडीकुंडी माहेरी राहणार. हिची भांडीकुंडी म्हणजेच शिव्या, त्या सोडून नेऊ काय?

दुसरी जागा मोकळ्या माळासारखी. तिथली गंमत अशी की काय दिसावं ते आपण ठरवायचं. लोकांनी चाळण्या करून ठेवल्यात. कोणाची चाळणी फक्त मांजरांची, कोणाची फक्त निवडणुकीची. आपल्याला हवी ती चाळणी घ्यायची, त्यातून पडेल तेवढंच बघायचं. कोणी कोणावर चिठ्ठी पण चिकटवतं, हा चावरा, हा खोटा, आणि कोणाची चिठ्ठी मानायची तेही आपल्याच हातात. शिवाय निघायचं झालं तर सगळं बिऱ्हाड उचलून नेता येतं, भांड्यांसकट. मला वाटलं, झालं काम.

"पन ही सगळी माणसं राहतात कुठं?" मी विचारलं.

"बहुतेक सगळी एकाच मोठ्या बिल्डिंगमध्ये," सून म्हणाली. "बाहेर जायला दार आहे. पण अजून फारसं कोणी गेलं नाही."

तरी ठेवलं हिला. कोणी बोलेना. जिकडे तिकडे इंग्रजी. आमची म्हातारी सापडली ती कोणाच्या तरी 'ग्रामीण जीवन' नावाच्या चाळणीत, एका मातीच्या मडक्याच्या फोटोशेजारी. शेवटी एका माणसाने मराठीत विचारलं, हा लोककलेचा प्रकार आहे का? मी सुनेला लिहायला लावलं, प्रकार हाय, कला तुमच्याकडं असंल. त्याने उत्तर दिलं नाही. हिने एवढ्यात त्याला रडवलं असतं.

ह्या सगळ्याचा बोभाटा मी चौकाला जाऊन केला. तिथे माझा मित्र आहे, मुसलमान, जुन्या हायवेवर त्याचं बॅटरीचं दुकान. माझ्या टेंपोला त्याच्याशिवाय कोणाचा हात लागला नाही. हिच्या शिव्या खायला तो मुद्दाम जेवायला यायचा.

"काय रं म्हाताऱ्या," तो म्हणाला, "वैनीला लोकांच्या घरात कशाला ठेवतोस? तुज्या घरात ठेव की. कॉम्प्युटरचा डबा आन, बॅटरी मी देतो."

सुनेने सांगितलं की असं करता येतं. आपलाच एक छोटा डबा घरात ठेवायचा, म्हणजे गावांच्या जागेतलं आपलंच एक गाव. पाटील मीच, गावकरी ही. नियम मीच करणार, पडदा नाही. तिने डबा आणून टीव्हीशेजारी लावला. मित्राने बॅटरी पाठवली ती डंपरची. घरात गाडीत बसल्याचा वास यायला लागला. पावसाळ्यात लाइट गेली, डबा चालूच. मी मित्राला अभिमानाने फोन केला. तेवढ्यात कळलं की इंटरनेटची वायर झाडाखाली तुटून पडली आहे. डबा जिवंत, पण हिचं बोलणं माझ्या ओटीच्या बाहेर जाईना. वायर जोडेपर्यंत डब्यात लाल मुंग्यांनी घर केलं.

"मुंग्यांना आवडल्या असतील शिव्या," मित्र म्हणाला. बॅटरी मात्र परत घेऊन गेला.

मग राहिली शेवटची जागा. सुनेला ती पसंत नव्हती, म्हणून तिने शेवटी दाखवली. तिथे गावच नाही आणि पाटीलही नाही. आपण बोललो की ते पुष्कळ टपऱ्यांवर जाऊन लागतं, एक टपरी बंद पडली तर दुसरीवर असतंच. कोणी कोणाला उठवू शकत नाही. आपली ओळख म्हणजे एक चावी. लांबलचक, कोंबडी टाइपरायटरवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. ज्याच्याकडे चावी, तो तो माणूस.

"बाबा, ही जपून ठेवा," सून जाताना बजावून गेली. "हरवली तर कोणी परत देणार नाही. तक्रार करायला इथे कोणी नाहीच."

जपून ठेवा म्हणाली. आता आमच्या आळीत जपून ठेवणं म्हणजे काय ते सांगतो. शेतावर निघालो, कर्जतला निघालो, घराला कुलूप लावायचं आणि चावी शेजारी द्यायची. शेजारीण गावाला गेली तर ती आपली आणि आमची अशा दोन्ही चाव्या पुढच्या घरात देऊन जाते. पाहुणा आला तर त्याला रस्त्यातच कळतं चावी कोणाकडे आहे. स्वतःजवळ चावी ठेवणारा एकच माणूस आमच्याकडे होता, विहिरीत वाकला आणि चावी पाण्यात गेली. कवाडं फोडावी लागली.

तेव्हा मी मोबाईल घेतला आणि शेजारणीकडे गेलो. ही आणि ती जिवाच्या मैत्रिणी, म्हणजे रोज भांडायच्या.

"वैनी, एक चावी ठेवायची हाय."

"कुठली वो भावजी?"

"हिच्या घरची."

तिला दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने मोबाईलवरून फोटो काढून घेतला आणि म्हणाली, निर्धास्त जावा. मला लई हलकं वाटलं. हिच्या शिव्या नव्या जागेत टाकल्या, हळूहळू लोक यायला लागले, नागपूरवाले पण शोधत शोधत आले. एकाने लिहिलं, आजी, कुठे होता इतके दिवस? मी आपला चहा पीत वाचायचो.

असाच एका सकाळी चहा पीत बसलो होतो. फोन टिंग वाजला. खालच्या आळीची म्हातारी बोलली होती. मी नव्हतो टाकलं. वर हिचा फोटो, हिचं नाव, आणि खाली लिहिलेलं, 'सुकट चांगली आली हाय शिळफाट्याला. वाटा मोठा देतात. कोनाला पायजे?'

चहा सांडला. मेलेली बायको बाजारला गेली म्हटल्यावर कोणाचाही सांडेल. मी दोनदा वाचलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते हे की, मला नको म्हणून कळवावं, घरात आहे थोडी.

दुपारपर्यंत तिने विचारलं, ग्यासवाला आज येनार का. मग तिने विचारलं, कोनाची शेळी माज्या वालात शिरली? वाल आम्ही ह्या वर्षी लावलेच नाहीत. आणि संध्याकाळी तिने रिसॉर्टला घेतलं. तिथे कोणाचं तरी लग्न होतं, स्पीकरने कौलं हलत होती. 'तुमच्या स्पीकरला वाळवी लागो. तुमच्या पोहायच्या टाकीत म्हशी बाळंत होवोत. नवरदेवाला हळदीत खाजकुयली मिळो.' ही शिवी हिची नव्हती, मला हिच्या सगळ्या पाठ आहेत. पण चांगली होती. म्हशींची तर फारच चांगली होती. हे लिहिताना मी मागे वळून बघितलं.

मी शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"वैनी, चावी कोनाला दिली?"

"मी कोनाला देतेय? लेकीकडं नेरळला गेले व्हते, तवा गटाच्या ग्रुपवर टाकून गेले. म्हटलं ठेवा गं कोनीतरी, भावजींची चावी हाय."

गट म्हणजे आमच्या आळीतल्या बायकांचा बचत गट.

"मग त्यांनी उघडलं?"

"उघडनारच ना वो. आमाला वाटलं गटाचं हाय. आपलं मोठं पातेलं हाय ना, लग्नाला ज्याला लागंल तो नेतो, तसं. हिचं नाव हाय तर गटाचंच असंल. ही गटाची पहिल्यापास्नं."

"अवो, पन ती मेली हाय!"

"पातेलं पन तिच्याच सासूनं दिलेलं हाय, ती पन गेलीच की," ती म्हणाली. "आमी त्यात शिजवायचं बंद केलं का?"

मी आपलं "चावी परत द्या" म्हटलं.

"घ्या की," ती म्हणाली आणि फोटो मला परत पाठवला. तिच्या हिशोबाने चावी परत झाली.

सुनेला फोन केला तर ती आधी पोटभर हसली. मग गंभीर झाली. "बाबा, ती चावी बदलता येत नाही. ज्या ज्या बाईकडे आहे, तिच्याकडे ती राहणार. गावांच्या जागेत असतो तर पाटलाला सांगून दार बदलून घेतलं असतं. इथे पाटीलच नाही."

"पाटील नको मीच म्हनत व्हतो."

"एकच करता येईल. नवी चावी काढू, आईंचं सगळं तिकडे नेऊ आणि जुनीवर लिहू की ही म्हातारी खोटी आहे, हिचं ऐकू नका. रविवारी येते मी."

मी हो म्हटलं. मला राग आला होता तो सुकटीचा नव्हता. हिचं स्वतःचं बोलणं खाली खाली चाललं होतं. वर शेळी, वर ग्यास, वर कोणाच्या सुनेला मुलगी झाली. माकडाची शिवी शोधायला बोट दुखेपर्यंत सरकवायला लागत होतं. एवढं फिरून तिला जागा बघून दिली ती काय आळीच्या बायकांना चावडी म्हणून?

त्यात रिसॉर्टचा मॅनेजर दारात आला. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा.

"आजी आहेत का?"

मी त्याच्याकडे बघितलं. "कशाला?"

"सॉरी म्हणायचंय. आमचे गेस्ट ते वाचतात हो. एका बाईंनी स्विमिंग पूलमध्ये उतरायला नकार दिला, म्हशी असतील म्हणून. स्पीकर आम्ही दहाला बंद करू, आजींना सांगा, ते जरा काढून टाका."

खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. हिच्या फोटोला हार घातलेला आहे, तो दारातूनही दिसतो. पण पुढे माझं तोंड हिच्यासारखंच चाललं.

"ती घरात नाय."

"कधी येतील?"

"तिचा भरवसा नाय. पन ऐकते सगळं."

तो पुडा ठेवून गेला. त्या रात्री स्पीकर बंद झाला. आळीतल्या बायकांनी हिच्या नावाने एकमेकींचं अभिनंदन केलं, म्हणजे एकच म्हातारी स्वतःला शाबासकी देत होती, पुन्हा पुन्हा. मी दार लावून बसलो. रविवार येऊ दे, म्हटलं, मग बघतो.

दार लावून बसलं की जेवण करावंसं वाटत नाही. ही गेल्यापासून मी कुकरला खिचडी लावतो, ती खाली लागते, मी खातो. त्या दिवशी लावली नाही. दुसऱ्या दिवशी पण बिस्किटावर भागवलं. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. मॅनेजरचा मिठाईचा पुडा सुद्धा तसाच पडून होता.

शनिवारी सकाळी फोन वाजला. खालच्या आळीची म्हातारी. 'माजा म्हातारा परवापास्नं जेवला नाय. कुकरची शिट्टी ऐकली नाय. बघा गं कोनीतरी.'

मी ते वाचलं आणि रागाने उठलो. चपला न घालता मी आळीत निघालो. शेजारणीच्या दारात ओरडलो, "हे कोनी लिवलं?"

"काय वो?"

"माजं पोट काढलंत चावडीवर! नागपूरपतूर गेलं ते!"

"मी नाय लिवलं भावजी. माजा फोन चार्जिंगला हाय."

पुढच्या घरात गेलो. तिनेही नाही लिहिलं, ती पहाटेपासून शेतावर. त्याच्या पुढच्या घरातल्या म्हातारीला तर मोबाईल हातात धरता येत नाही, पण तिनेही शपथ घेतली. प्रत्येक दारात एकच उत्तर, आणि प्रत्येक दारातून मागे तेल तापल्याचा वास. मी ओरडत ओरडत आळीच्या टोकाला गेलो आणि परत आलो. तोपर्यंत माझ्या ओट्यावर झाकलेल्या वाट्या येऊन बसल्या होत्या. वालाची उसळ, सुकट घातलेलं वांगं, शेवग्याच्या शेंगा. भाकऱ्या एका फडक्यात. कोणी ठेवल्या ते दिसलं नाही.

मी ठरवलं की खायचं नाही. मग ठरवलं की मांजर तोंड घालेल. मग खाल्लं.

रविवारी सून आली. तिने लॅपटॉप उघडला, नवी चावी काढली, हिचं माकडापासूनचं सगळं बोलणं तिकडे न्यायची तयारी केली. "आता फक्त जुन्या जागी शेवटचं लिहा," ती म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "मी सांगते तसं. ही म्हातारी खोटी आहे. हिच्यावर विश्वास ठेवू नका."

मी बघितलं. हिच्या त्या शनिवारच्या बोलण्याखाली लोकांची रांग लागली होती. नागपूरहून, दुबईहून, आणि त्या लोककलावाल्यासारखी कुठली कुठली माणसं. आजी, आजोबा जेवले का? आजी, त्यांना ओरडा, म्हणजे जेवतील. आजी, काय झालं पुढे? दोन वर्षांत हिच्या कुठल्याही शिवीला इतकी माणसं जमली नव्हती. सगळे तिच्याशीच बोलत होते. ती खोटी आहे हे ह्यांना मी सांगायचं होतं.

सुनेने माझ्या नावाची पण एक चावी कधीतरी काढून दिली होती, ती मी कधी वापरली नव्हती. ती उघडून घेतली. एका बोटाने, हिच्या खाली लिहिलं, 'जेवलो. वालाच्या उसळीत मीठ नव्हतं.'

"हे काय लिहिलंत बाबा?" सून म्हणाली.

टिंग. खालच्या आळीची म्हातारी. 'तुमच्या तोंडालाच चव नाय, मुडद्या. मीठ व्हतं.'

टिंग. खालच्या आळीची म्हातारी. 'उसळ माजी नवती. पन मीठ नवतं हे खरं हाय.'

टिंग. खालच्या आळीची म्हातारी. 'कोन बोललं गं ते? उद्या भेट नळावर.'

शेजारच्या भिंतीपलीकडे काहीतरी भांडं पडलं आणि कोणीतरी तोंडावर हात ठेवून हसलं. आळीच्या वरच्या अंगाने पण हसू आलं. एकच बाई स्वतःशी कडाकडा भांडत होती आणि नागपूरवाले मध्ये पडून मिठाचा निवाडा करत होते. सून डोळे पुसत हसत होती. मी पण हसलो असेन, मला पंख्याचं करकरणं ऐकू आलं नाही.

"मग हे मिटवू का?" तिने नव्या चावीकडे बोट दाखवलं.

"मिटव," मी म्हटलं. "आनी जरा सरक, मला उजेड येत नाय. हिला उत्तर द्यायचंय."

शेवग्याच्या शेंगांबद्दल एक चांगली शिवी माझ्या डोक्यात आली होती. मी ती एका बोटाने लिहायला घेतली, आणि 'शेवग्या'पर्यंत पोचतो तोवर हिची आणखी तीन उत्तरं आली.